कोल्हापूरच्या माळावरील आखीव वसाहत : राहणाऱ्यांच्या नजरेतून

कोल्हापूर शहराच्या दक्षिण-पूर्वेला पाचगाव, मोरेवाडी, उजळाईवाडी या गावांच्या माळावर गेल्या काही दशकांत प्लॉट पाडून वसवलेल्या अनेक वसाहती उभ्या राहिल्या आहेत. त्यांपैकी एकीत आमचे कुटुंब मंगळवार पेठेतले घर सोडून राहायला आले, त्याला आता बराच काळ लोटला आहे. पेठेतून बाहेर पडून मोकळ्यावर घर बांधावे की नाही, या विचारात असलेल्यांसाठी हा अभिप्राय आहे. वसाहतीचे नाव देत नाही, कारण इथले बहुतेक गुणदोष या पट्ट्यातल्या सगळ्याच वसाहतींना कमीअधिक लागू पडतात. माझे मत आधीच सांगते : जागा उत्तम आहे, आखणीही विचारपूर्वक केलेली आहे, परंतु ती आखणी सांभाळायची कोणी हे न ठरल्यामुळे कागदावरच्या वसाहतीत आणि प्रत्यक्षातल्या वसाहतीत दरवर्षी थोडे अंतर पडत जाते.

कोल्हापुरात घर घेताना पहिला प्रश्न पुराचा असतो, आणि माळावर तो उरत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि रमणमळा, दुधाळी, बापट कॅम्प, शाहूपुरीतील कुंभार गल्ली या भागांतल्या लोकांना भरली घरे सोडून निघावे लागले. त्या दोन्ही वेळी आमच्या गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक घरात पूरग्रस्त नातेवाईक मुक्कामाला होते. तरीही पुराची झळ इथे लागतच नाही असे कोणी समजू नये. नदीकाठची उपसा केंद्रे बुडाली आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, की पाणी, दूध, भाजी आणि पेट्रोल यांची टंचाई माळावरही तितकीच जाणवते. घर कोरडे राहते, हे मात्र लहान सुख नव्हे.

आखणीबद्दल बोलायचे तर कोल्हापूरला आखीव उपनगर नवे नाही. शाहूपुरीची व्यापारपेठ राजर्षी शाहू महाराजांच्या काळात वसली आणि राजारामपुरीच्या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या सरळ गल्ल्या आजही पत्ता सांगायला आणि गाडी वळवायला सोप्या आहेत. तिथली घरे बदलली, तळमजल्यांवर दुकाने आली, पण रस्त्याची रुंदी आधीच राखून ठेवलेली असल्यामुळे एवढा बदल ती वस्ती पेलू शकली. आमच्या वसाहतीचे अंतर्गत रस्ते नऊ मीटरचे आहेत आणि एकमेकांना काटकोनात मिळतात. दोन घरांमध्ये सामासिक अंतर, म्हणजे प्लॉटच्या कडेने मोकळी ठेवायची जागा, सोडलेले असल्याने प्रत्येक खोलीला उजेड मिळतो. अग्निशमन दलाची गाडी किंवा रुग्णवाहिका थेट दारापर्यंत येते. पेठेत हे शक्य नव्हते, आणि घरात आजारी माणूस असल्यावर या एका गोष्टीची किंमत कळते.

सर्वांत जास्त लिहावेसे वाटते ते मोकळ्या जागेबद्दल. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनात (लेआउटमध्ये) किमान १० टक्के जागा खुली ठेवावी लागते. आमच्याकडे ती नकाशात हिरव्या रंगात आहे आणि जागेवरही आहे, ही समाधानाची बाब. पण जमीन शिल्लक राहिली म्हणजे बाग झाली असे होत नाही. सुरुवातीची काही वर्षे तिथे बांधकामाची वाळू, खडी आणि राडारोडा पडत असे, मग गाजरगवत वाढले, नंतर एका कोपऱ्यात कोणाचा तरी ट्रॅक्टर कायमचा उभा राहू लागला. रहिवाशांनी वर्गणी काढून तारेचे कुंपण घातले, कडुनिंब, करंज आणि बहावा लावला, उन्हाळ्यात घरोघरच्या बादल्यांनी ती रोपे जगवली, तेव्हा कुठे संध्याकाळी मुले खेळू लागली आणि वयस्कर मंडळी बसू लागली. शेजारच्या एका वसाहतीत अशीच जागा आधी पत्र्याच्या शेडने आणि मग पक्क्या बांधकामाने व्यापली. तिथल्या मुलांना आज रस्त्यावर क्रिकेट खेळावे लागते. म्हणून प्लॉट पाहायला येणाऱ्यांनी आपला प्लॉट पाहण्याआधी खुली जागा पाहावी. ती कोणाच्या नावावर आहे आणि तिची देखभाल कोण करते, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून वसाहतीची पुढची वीस वर्षे समजतात.

पाण्याची बाजू सर्वांत कमकुवत आहे. नळाला पाणी दिवसाआड येते, उन्हाळ्यात तेही कमी दाबाने, आणि पाण्याची वेळ ठरलेली नसल्यामुळे घरातल्या एका माणसाला, बहुधा बाईला, त्यासाठी थांबून राहावे लागते. मुरमाखाली कातळ असल्याने कूपनलिकेला पाणी लागेलच असे नाही. आमच्या शेजाऱ्यांनी दोन ठिकाणी खोदले आणि एकच चालू आहे. एप्रिल-मे महिन्यांत टँकर मागवणे हा खर्चाचा नेहमीचा भाग धरावा. काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनने पाणी २०२३ मध्ये कोल्हापुरात आले, ही शहरासाठी मोठीच गोष्ट. परंतु ती योजना महापालिकेची आहे आणि हद्दीबाहेर घर घेताना तिच्यावर हिशेब बांधू नये. घर बांधताना जमिनीखाली मोठी टाकी आणि छतावरचे पाणी साठवण्याची सोय करून घ्यावी, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते.

या अडचणींचे मूळ हद्दीत आहे : आमची वसाहत महापालिकेच्या हद्दीबाहेर पडते. महापालिका १९७२ मध्ये स्थापन झाली आणि हद्दवाढीचा प्रश्न दशकानुदशके रखडला. २०१७ मध्ये शहराभोवतालच्या ४२ गावांसाठी कोल्हापूर क्षेत्र विकास प्राधिकरण आले. तेव्हापासून बांधकाम परवानगीचे काम प्राधिकरणाकडे आणि घरफाळा, दिवाबत्ती, कचरा ही कामे ग्रामपंचायतीकडे, अशी विभागणी झाली आहे. रस्त्यात खड्डा पडला तर तो अंतर्गत रस्ता अजून हस्तांतरित झाला आहे की नाही, इथपासून चर्चा सुरू होते. सांडपाण्यासाठी भुयारी गटार नाही. प्रत्येक घराची सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा आहे, आणि उतारावरच्या खालच्या गल्लीत पावसाळ्यात त्याचा वास येतो. घंटागाडी येते, पण ठरलेल्या दिवशी येईलच असे नाही. वीजपुरवठ्याबद्दल मात्र फारशी तक्रार नाही.

बिंदू चौक इथून पाच-सहा किलोमीटरवर. स्वतःचे वाहन असेल तर हे अंतर काहीच नाही. गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्यांना तर शहरातली गर्दी टाळून जाता येते. केएमटीची, म्हणजे महापालिकेची, बस आहे, परंतु तिच्या फेऱ्या कमी आहेत आणि संध्याकाळनंतर वडापवरच (प्रवासी भरून नेणाऱ्या खासगी गाड्यांवर) अवलंबून राहावे लागते. याचा सर्वाधिक फटका वाहन न चालवणाऱ्या ज्येष्ठांना बसतो. माझ्या सासूबाई पेठेत असताना रोज पायी अंबाबाईच्या दर्शनाला जात, येताना कपिलतीर्थ मार्केटमधून भाजी आणत. इथे आल्यावर त्यांना प्रत्येक वेळी कोणाला तरी विचारावे लागते, आणि विचारावे लागू नये म्हणून त्या जाणेच टाळतात. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरचे समोर काढलेले दूध, तालमीजवळची बैठक, हाकेच्या अंतरावरचा डॉक्टर यांची भरपाई आखणी करू शकत नाही. वसाहतीचा गणपती बसतो, हळदीकुंकू होते, माणसे चांगली आहेत; तरी पेठेतली सहज भेट इथे ठरवून घ्यावी लागते.

व्यवहाराबाबत थोडक्यात सांगायचे तर बिगरशेती आदेश, मंजूर रेखांकन, सातबारा आणि नव्या प्रकल्पांसाठी महारेराची (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची) नोंदणी पाहिल्याशिवाय विसार देऊ नये. गुंठेवारीचा, म्हणजे मंजूर रेखांकनाशिवाय तुकडे पाडून विकलेला, प्लॉट स्वस्त पडतो, पण त्यात रस्ता आणि खुली जागा ही दोन्ही बहुधा कमी असतात, आणि २००१ च्या गुंठेवारी कायद्याने नियमित करून घेतले तरी नसलेली जागा निर्माण होत नाही. लहान मुले असलेल्या, घरात एकापेक्षा जास्त वाहने असलेल्या आणि सोसायटीच्या बैठकीला वेळ देण्याची तयारी असलेल्या कुटुंबाला मी ही वसाहत मनापासून सुचवते. केवळ वृद्ध दांपत्य राहणार असेल तर शहरातच तळमजल्याचे घर शोधावे. पाहायला यायचे असेल तर एकदा मे महिन्यात या आणि एकदा जुलैच्या भर पावसात या, आणि दोन्ही वेळा सर्वांत खालच्या गल्लीतल्या घरी जाऊन पाण्याबद्दल विचारा.