नागपूरच्या जरीपटक्यातलं नागरिकत्वाचं टेबल: आधी कागद, मग फॉर्म

सिंधमधून आलेल्या कुटुंबांचे सीएएखालचे (नागरिकत्व सुधारणा कायद्याखालचे) अर्ज भरून देणारं हे टेबल रविवारी लागतं. फी नाही, झेरॉक्स आणि नोटरीचा खर्च आपला. आल्याआल्या कुणी कॉम्प्युटर उघडत नाही, आणि हेच इथलं सगळ्यात चांगलं काम.

आधी कागदांचे दोन ढीग होतात. एकात तुम्ही पाकिस्तानचे असल्याचा पुरावा: पासपोर्ट, शाळेचा दाखला, जमिनीचा कागद. दुसऱ्यात ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आल्याचा: व्हिसावरचा शिक्का, परदेशी नोंदणीचा कागद, रेशन कार्ड. मुदत संपलेला पासपोर्टही चालतो, हे लगेच सांगतात. भाषेच्या रकान्यात सिंधी लिहिलं तरी पुरतं. ती संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आहे.

मग नावं जुळवतात. पासपोर्टवर लछमी, आधारवर लक्ष्मी, मुलाच्या दाखल्यावर लक्ष्मीबाई. लाल पेनाने तिन्हींवर गोल, आणि तिन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधी. मूल नागपुरात जन्मलं म्हणून आपोआप भारतीय होत नाही, त्याचा अर्ज वेगळा, हेही न विचारता सांगतात.

ईमेल आणि मोबाइल अर्जदाराचाच टाकतात. एजंट स्वतःचा टाकतो, बोलावणं त्याच्याकडे जातं आणि माणूस गैरहजर ठरतो. असं वारंवार झालं तर जिल्हा समिती फाइल नामंजुरीच्या विचारासाठी वर पाठवू शकते. समिती डाक खात्याच्या अधीक्षकांच्या अध्यक्षतेखाली असते. मूळ कागद तिथेच तपासतात, शपथही तिथेच. नागपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना २०१६ मध्ये नागरिकत्वाचे अधिकार मिळाले होते, त्यामुळे लोक सवयीने अजून कलेक्टर ऑफिसच गाठतात.

खटकलं ते दारावरच. फलकावर तारीखच नाही. २०१५ पासून पुढे आलेली माणसं दोन तास रांगेत बसतात आणि मग कळतं की हा अर्ज त्यांचा नाही. केंद्राच्या सप्टेंबर २०२५ च्या आदेशात ३१ डिसेंबर २०२४ ही तारीख आहे, पण ती कागदांशिवाय राहण्याच्या सवलतीपुरती. नागरिकत्वाची तारीख बदललेली नाही. अशांना दीर्घ मुदतीच्या व्हिसाचा रस्ता धरावा लागतो, आणि ते काम हे टेबल करत नाही. एवढं खडूने लिहिलं तरी भागेल.

धर्माचं प्रमाणपत्र स्थानिक समाजसंस्थेकडून आधीच आणा. नाहीतर दुसरा रविवार गेलाच.