कोल्हापुरात राजारामपुरीतला शेअर मार्केटचा रविवारचा क्लास, फी वसूल होते का?

तर रविवारी राजारामपुरीतला तो शेअर मार्केटचा क्लास करून आलो, नाव लिहीत नाही कारण पुढं थोडं वाकडं बोलणार हाय. सुरुवातीचं चार्ट वाचायचं, कॅन्डल, सपोर्ट, रेझिस्टन्स हे सगळं युट्यूबवर फुकट मिळतंय, त्याला पैसे कशाला.

पण मधला लेबर कॉस्टचा भाग एकदम नादखुळा! अमेरिकेतले मजुरीचे आकडे आले की इथले इन्व्हेस्टर का टेन्शन घेतात हे सरांनी थेट शिरोलीच्या फौंड्रीवर (लोखंड वितळवून ओतायचा कारखाना) आणून सांगितलं. पगार ५ टक्के वाढला आणि तेवढ्याच तासात माल ३ टक्के जास्त निघाला तर नगामागं मजुरी साधारण २ टक्केच वाढली, चालतंय. पगार वाढला आणि माल तेवढाच, मग एकतर मार्जिन जातंय नाहीतर रेट वाढवायचा, आणि सगळ्यांनीच रेट वाढवले की झाली महागाई. मग ती रोखायला व्याजदर वर. फेडचं, म्हणजे अमेरिकेच्या रिझर्व्ह बँकेचं, महागाईचं टार्गेट २ टक्क्यांचं आणि जून २०२२ ला तिथली महागाई ९.१ वर, म्हणून शून्याजवळचा दर जुलै २०२३ पर्यंत ५.२५ ते ५.५० वर नेला. आपला रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर) पण मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये ४ वरनं ६.५ वर गेला, मशीनचं लोन ज्यांनी काढलेलं त्यांना हे वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट मात्र सर टाळून गेले. मागं बसलेल्या उद्यमनगरच्या एका काकांनी विचारलं, सर, फौंड्रीत मजुरीपेक्षा स्क्रॅप (वितळवायचं भंगार) आणि लाईटबिलच जास्त खातंय की, आणि मोठी कंपनी जॉबवर्कचा रेट वाढवून देत नाही त्याचं काय? सर म्हणले, पुढच्या बॅचला बघू. अहो, खरा प्रश्न तोच हाय की! आयटी कंपनीत सगळ्यात मोठा खर्च पगाराचाच, तिथं हे गणित फिट बसतंय, सगळीकडं नाही. तिमाही रिझल्टमधली कर्मचारी खर्चाची ओळ विक्रीच्या शेजारी ठेवून बघा हा सल्ला तेवढा कामाचा, मी घरी येऊन लगेच दोन कंपन्यांचं बघितलं.

शेवटी टिप्सच्या पेड ग्रुपची जाहिरात, त्यात अर्धा तास गेला. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीचा रजिस्ट्रेशन नंबर विचारला तर उत्तर नाही, त्यामुळं ग्रुपला आपला रामराम.

पाचातले तीन स्टार. गाडी लावायला जागा नाही, चालत किंवा रिक्षानं जावा, आणि मिसळ खाऊनच जावा, तिथं नुसता चहा देतात.