जुनं जंगल पाहायचं तर कोणता नकाशा?

1965 साली भारतात वनसंपत्तीचं गुंतवणूकपूर्व सर्वेक्षण सुरू झालं. लाकडावरच्या उद्योगांना कच्चा माल कुठे, किती मिळेल हा त्याचा प्रश्न. विमानातून घेतलेले, साधारण 60 टक्के एकमेकांवर येणारे दोन फोटो स्टिरिओस्कोपखाली, म्हणजे दोन भिंगांतून खोली दाखवणाऱ्या उपकरणाखाली ठेवले, की झाडं उभी राहतात. उंची जाणवते, झाडाच्या छत्राचा, म्हणजे वरच्या फांद्या-पानांच्या पसाऱ्याचा आकार दिसतो, साग आणि बांबू वेगळे काढता येतात. मग माणसं रानात जाऊन ताडून पाहत.

1981 मध्ये याच कामातून भारतीय वन सर्वेक्षण संस्था झाली. तिचा 1987 चा पहिला अहवाल लँडसॅट उपग्रहावर बेतलेला होता. सगळा देश एका नजरेत आला, ही मोठीच गोष्ट! पण 400 हेक्टरांहून लहान रान त्यात उमटतच नव्हतं. आज ही मर्यादा 1 हेक्टर आहे. तरी 10 टक्के जमीन झाडांच्या छत्राखाली असली की आमराईसुद्धा वनाच्छादनात मोजली जाते. कोकणातल्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावं.

देशाचा कल हवा तर उपग्रह. एखाद्या खोऱ्यात पूर्वी नेमकं कसलं रान होतं हे हवं असेल, तर मी हवाई फोटोंवरचा जुना नकाशाच आधी उघडेन.