शाळेसाठी गूगल डॉक्स, वर्ड की लिबरऑफिस?

लेखनाचं सॉफ्टवेअर निवडताना सुविधांच्या याद्या समोर ठेवून बसण्याआधी एक ठरवा: ते मुलांसाठी हवंय की कार्यालयासाठी? दोघांना एकाच दावणीला बांधलं की कुणाचंच नीट चालत नाही.

मुलांच्या लेखनासाठी माझं मत गूगल डॉक्सला. गटप्रकल्पात चौघांची नावं असतात आणि लिहितो एकच, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असतं. डॉक्सच्या व्हर्जन हिस्टरीत कुणी काय आणि कधी लिहिलं ते दिसतं. रोज थोडा थोडा वाढलेला निबंध आणि आदल्या रात्री एका फटक्यात चिकटवलेला निबंध यांतला फरक लगेच कळतो. सजेशन मोडमध्ये शिक्षकांनी दुरुस्ती सुचवली तरी मूळ वाक्य जागेवर राहतं. ती स्वीकारायची की नाही, हे मूल ठरवतं. गूगल क्लासरूम या वर्गाच्या ॲपमधून एकच फाइल प्रत्येकाला स्वतंत्र प्रत म्हणून देता येते. लिहिलेलं आपोआप सेव्ह होतं, त्यामुळे ‘सर, सेव्ह करायचं राहिलं’ ही सबबही संपते.

अडचण इंटरनेटची. ऑफलाइन सोय आहे, पण ती त्या संगणकावर आधीच चालू करून ठेवावी लागते. एकाच यंत्रावर तासातासाला वेगळं मूल बसत असेल, तर तिचा भरवसा धरू नका.

कार्यालयाचं काम वेगळं. शेकडो प्रगतिपुस्तकांवर नावं आणि गुण आपोआप भरायचे तर मेल मर्ज लागतं. ते डेस्कटॉप वर्डमध्ये, म्हणजे संगणकावर बसवलेल्या वर्डमध्ये आहे. डॉक्समध्ये त्यासाठी ॲड-ऑन, म्हणजे वरून जोडायची सोय, शोधत बसावं लागतं. मात्र पात्र शाळांना मायक्रोसॉफ्टची जी ए१ योजना मोफत मिळते, तिच्यात वर्ड फक्त ब्राउझरमध्ये चालतं. ‘वर्ड फुकट मिळालं’ म्हणणाऱ्याला आधी विचारा, ब्राउझरमधलं की डेस्कटॉपचं. वर्डमध्येही अनेकांना एकत्र लिहिता येतं, पण फाइल वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंट या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यावर असली तरच.

लिबरऑफिसला लोक उगाच गरिबाचा पर्याय समजतात. २०१० मध्ये ओपनऑफिसमधून वेगळं झालेलं हे मोफत सॉफ्टवेअर विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, इंटरनेट मागत नाही आणि मेल मर्जही करतं. सर्वांत मोठी सोय म्हणजे खातं उघडावंच लागत नाही. लहान वर्गांत अर्धा तास पासवर्ड आठवण्यातच जातो, तो वाचतो. डेस्कटॉपवर एकाच वेळी अनेकांना एका फाइलवर लिहिता येत नाही, ही त्याची मोठी उणीव. वर्डची डॉकएक्स फाइल त्यात उघडते, पण तक्ते आणि चौकटी कधीकधी सरकतात. छापायला देताना पीडीएफ केलेली बरी.

इंटरनेट भरवशाचं असेल तर वर्गात डॉक्स, नसेल तर लिबरऑफिस. कार्यालयात डेस्कटॉप वर्ड आधीच असेल तर ते हलवू नका. नव्याने घ्यायचं असेल, तर शाळेतला सर्वांत किचकट नमुना, बहुधा प्रगतिपुस्तकाचाच, आधी लिबरऑफिसमध्ये उघडून छापून पाहा.