बदाम कुठल्या देशातला, कुठल्या हंगामातला हे सांगणारे दुकान

मुलीच्या बाळंतपणासाठी डिंकाचे लाडू करायचे होते, म्हणून डिसेंबरात मी पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, भुसार विभागातल्या सुक्या मेव्याच्या एका ठोक गाळ्यावर गेले. त्याआधी दिवाळीला दुसऱ्या एका दुकानातून आणलेल्या बंद पाकिटातले बदाम आतून पिवळट आणि चवीला खवट निघाले होते, आणि पाकिटावरची तारीख मात्र अवघ्या दीड महिन्यापूर्वीची होती. ती तारीख पाकीट भरल्याची असते, बदाम झाडावरून उतरल्याची नव्हे, हे मला या गाळ्यावर प्रथम नीट समजले आणि म्हणूनच त्याबद्दल सविस्तर लिहावेसे वाटले.

मी बदाम मागितल्यावर शेठजींनी आधी भाव सांगितला नाही, "ताई, नवा देऊ की जुना? लाडवाला की भिजवून खायला?" असे विचारले. प्रत्येक पोत्यात पुठ्ठ्याचा एक तुकडा खोचलेला होता आणि त्यावर देश, वाण आणि हंगामाचे वर्ष हाताने लिहिलेले होते. त्यांनी अडकित्त्याने दोन पोत्यांतला एकेक बदाम मधोमध कापून पांढऱ्या कागदावर ठेवला. नव्या हंगामाचा बदाम कट्‌कन तुटला आणि आतून दुधासारखा पांढरा होता. जुन्याच्या कडेने पिवळसर रेघ धरली होती आणि नाकाशी नेल्यावर जुन्या तेलाचा वास येत होता. जुना माल स्वस्त असला तरी बाळंतिणीच्या लाडवाला तो घेऊ नका, असे त्यांनी आपणहून सांगितले, आणि माझ्या लेखी या दुकानाचा सर्वांत मोठा गुण हाच आहे.

आपल्याकडे बदाम काश्मीर आणि हिमाचलात थोडाफार पिकतो. बाकी सगळी भिस्त परदेशावर आहे. जगातला सुमारे 80 टक्के बदाम एकट्या कॅलिफोर्नियात होतो आणि तिथली तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात चालते, त्यामुळे थंडीच्या दिवसांत पुण्यात मिळणारा माल ताजा असण्याची शक्यता अधिक, तर पावसाळ्यात तोच माल जवळजवळ वर्षाचा झालेला असतो. ऑस्ट्रेलियात तोडणी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते आणि 29 डिसेंबर 2022 पासून लागू झालेल्या व्यापार करारानुसार तिथल्या ठरावीक कोट्यातल्या बदामावर निम्मीच आयात-जकात लागते. हा माल आता पुण्यातही दिसतो, आणि आषाढ-श्रावणात बदाम घ्यायचा असेल तर मी त्याचीच चौकशी करीन.

या गाळ्यावर बदाम गराच्या रूपातही मिळतो आणि कवचासकटही. मूळ जकात कवचासकट मालावर किलोला 35 रुपये आणि गरावर 100 रुपये आहे. नॉनपरेल या पातळ, कागदी कवचाच्या वाणातून एका किलोला साधारण 700 ग्रॅम गर निघतो, म्हणजे भारतात फोडलेल्या गरावर जकातीचा बोजा किलोला 50 रुपयांच्या आसपास पडतो. आयातदार अमेरिकेतून मुख्यतः कवचाचा माल का आणतात, हे या एका हिशेबावरून कळते. तो फोडण्याचे काम मात्र आपल्याच माणसांच्या हातून होते. दिल्लीच्या करावल नगरमध्ये हे काम मुख्यतः स्त्रिया करतात आणि डिसेंबर 2009 मध्ये त्यांनी मजुरीसाठी मोठा संप केला होता, हे मला गर निवडताना प्रत्येक वेळी आठवते. मी दीड किलो गर आणि अर्धा किलो कवचाचे बदाम घेतले. कवचातले बदाम अधिक टिकतात. महिन्याभरानंतर फोडलेले बदाम चवीला तसेच गोड लागले.

मामरा बदामाचा भाव कॅलिफोर्नियाच्या जवळजवळ तिप्पट होता. तो इराण आणि अफगाणिस्तानातून येतो, आकाराने वेडावाकडा असतो आणि त्यात तेल जास्त असते. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानलगतची अटारीची सीमा बंद झाल्यावर खुष्कीच्या मार्गाने येणारा अफगाण माल अडून राहिला होता, हेही शेठजींनी सांगितले. भाजून, कुटून लाडवात घालायला मामरा घेण्यात अर्थ नाही, या त्यांच्या सल्ल्याने माझे बरेच पैसे वाचले.

पिस्त्यांच्या दोन पोत्यांवर इराण आणि कॅलिफोर्निया असे लिहिले होते. कॅलिफोर्नियाच्या पिस्त्याचा मुख्य वाण 'केरमान' हा 1929 मध्ये इराणातून नेलेल्या बियांपासून तयार झाला आहे, त्यामुळे ही दोन पोती शेजारी पाहून मला मनापासून आनंद झाला. चव मला इराणी पिस्त्याची अधिक आवडली.

काजूच्या बाबतीत दुकान तितके काटेकोर वाटले नाही. पुठ्ठ्यावर नुसते 'कोकण, 320' असे होते; 320 ही काजूच्या आकाराची प्रत. कोकणातल्या कारखान्यांत आफ्रिकेतून आलेली काजू बीही फोडली जाते, तेव्हा बी कुठली असे विचारल्यावर स्पष्ट उत्तर मिळाले नाही. पाकळी काजू मात्र स्वच्छ आणि करकरीत होता, आणि लाडवाला तोच पुरतो. अक्रोडाचा गर उघड्या परातीत, थेट दिव्याखाली ठेवलेला होता. प्रकाश आणि हवा लागली की अक्रोड सगळ्यांत लवकर खवट होतो, म्हणून तो मी घेतला नाही आणि कारणही सांगितले. दोन आठवड्यांनी पुन्हा गेले तेव्हा अक्रोड झाकणाच्या डब्यात होता.

एक किलोच्या खाली माल देत नाहीत, ही लहान कुटुंबांची अडचण आहे. कवचाच्या बदामाचा अर्धा किलोसुद्धा मला आग्रह करून मागावा लागला. बिल मात्र न मागता मिळाले आणि त्यावर 22 सप्टेंबर 2025 पासून बदामाला लागू झालेला 5 टक्के जीएसटीच लावलेला होता, आधीचा 12 टक्के नव्हे. घरी आल्यावर मी दोन किलोंतले वीस बदाम अडकित्त्याने कापून पाहिले. एकही पिवळा निघाला नाही.