चार कॉम्प्युटर, एक सॉफ्टवेअर : लायसन्स मोजलं जातं कशावर?

ऑगस्टच्या १८ तारखेला संध्याकाळी परळच्या एका अकाउंटंटच्या ऑफिसातून फोन आला. जीएसटीचं ३बी रिटर्न भरायला दोन दिवस उरले होते आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये १७ जुलैचं बिल चढत नव्हतं. जाऊन बघितलं तर टॅली एज्युकेशनल मोडमध्ये, म्हणजे लायसन्स नसताना शिकण्यापुरतं चालतं तसं, उघडलं होतं. त्या मोडमध्ये महिन्याच्या १, २ आणि ३१ एवढ्याच तारखांच्या नोंदी घेता येतात. आठवड्यापूर्वी नवा कॉम्प्युटर आला होता. विक्रेत्याच्या माणसाने लायसन्स त्यावर ॲक्टिव्हेट करून दिलं आणि जुन्यावरचं गेलं. विकताना मात्र ‘एक घ्या, ऑफिसभर चालेल’ असं सांगितलं होतं. त्या रात्री साडेदहापर्यंत दोघी जणी एकाच मशीनवर आळीपाळीने बसून नोंदी करत होत्या. एकीला पुढे डोंबिवली गाठायची होती.

मी अशा लहान ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतो. हा घोळ बहुतेक ठिकाणी एकाच शब्दापाशी होतो : ‘यूजर’. अँटिव्हायरसच्या पॅकवर ‘३ यूजर’ लिहिलेलं असतं तेव्हा त्याचा अर्थ तीन कॉम्प्युटर. टॅलीचं ‘सिंगल यूजर’ म्हणजे एका वेळी एक कॉम्प्युटर. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये, म्हणजे वर्गणीवरच्या वर्ड-एक्सेलमध्ये, यूजर म्हणजे खरोखरच एक माणूस, मग त्याच्याकडे मशीन कितीही असोत. म्हणून किंमत विचारण्याआधी हे लायसन्स मशीन मोजतं, माणसं मोजतं की एकाच वेळी कितीजण काम करतात ते मोजतं, एवढं विचारून घ्या.

टॅलीपासूनच सुरुवात करू, कारण चुकीची खरेदी तिथेच जास्त बघितली. सिल्व्हर एका कॉम्प्युटरसाठी. गोल्ड एका जागेतल्या लॅनवरच्या, म्हणजे आपसात जोडलेल्या, सगळ्या कॉम्प्युटरसाठी. गोल्डची किंमत सिल्व्हरच्या साधारण तिप्पट, त्यामुळे दोन कॉम्प्युटर असले की माणूस लगेच हिशोब करतो, दोन सिल्व्हर घेतली तर स्वस्त पडतील. दोघांची खाती वेगवेगळी असतील तर हे बरोबरच आहे. एक जण कारखान्याचं बघतो, दुसरा दुकानाचं, तर जरूर दोन सिल्व्हर घ्या. पण एकाच कंपनीत एकीने विक्रीची बिलं आणि त्याच वेळी दुसरीने बँकेच्या नोंदी करायच्या असतील, तर दोन सिल्व्हर घेऊन काम होत नाही, तिथे गोल्डच लागतं. तेव्हा ऑफिसात कॉम्प्युटर किती आहेत हे मोजू नका. रिटर्न भरायच्या ११ ते २० तारखेच्या गर्दीत एकाच कंपनीत किती हात लागतात ते मोजा. एक हात लागत असेल आणि बाकीचे नुसते रिपोर्ट बघत असतील, तर सिल्व्हर पुरतं; रिपोर्ट एक्सेलमध्ये काढून देता येतात.

वर्ड-एक्सेलचं गणित वेगळं आहे. नव्या लॅपटॉपबरोबर अलीकडेपर्यंत पुष्कळदा ऑफिस होम अँड स्टुडंट यायचं. ते त्या लॅपटॉपशीच बांधलेलं असतं, लॅपटॉप गेला की तेही गेलं, आणि ते घरगुती वापरासाठी आहे, धंद्यासाठी नाही. लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून मशीन घेताना ‘ऑफिस लाइफटाइम आहे’ असं सांगतात, ते लाइफटाइम मशीनचं असतं. शिवाय एकदाच पैसे भरून घेतलेल्या ऑफिसलाही वय असतं : २०१६ आणि २०१९ या दोन्ही आवृत्त्यांचे सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, २०२१ चे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. एकाच टेबलावरच्या, न हलणाऱ्या कॉम्प्युटरसाठी हा मार्ग मला अजूनही योग्य वाटतो.

माणूस फिरता असेल तर वार्षिक वर्गणीचं ३६५ बरं. बिझनेस स्टँडर्डमध्ये एका माणसाला पाच कॉम्प्युटर, पाच टॅबलेट आणि पाच फोन चालतात. ऑफिसातला डेस्कटॉप, घरचा लॅपटॉप आणि गाडीत बसून उघडायचा फोन, सगळं एका लायसन्समध्ये बसतं. मात्र तेच लॉगिन तीन माणसांनी वापरणं चालत नाही. पाच मशीन त्या एका माणसाची, पाच माणसांची नव्हेत. फॅमिली प्लॅन सहा जणांना मिळतो आणि स्वस्त दिसतो, पण तो घरासाठी आहे, त्यावर ऑफिस चालवू नये. बिझनेस बेसिक घेताना एक लक्षात असू द्या : त्यात कॉम्प्युटरवर बसवायचं वर्ड-एक्सेल येतच नाही, ब्राउझर आणि मोबाइलवरचं तेवढं येतं.

डीटीपीवाल्यांना, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणाऱ्यांना, जुनी पद्धत ठाऊक आहे. श्री-लिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे लायसन्स असलेला छोटा खटका, ज्या मशीनला लावला तिथे काम चालू. डोंगल काढून दुसऱ्या मशीनला लावता यायचा, म्हणून तो खिशात घालून दादरहून घरी नेणारे ऑपरेटर मी बघितलेत. हरवला की काम ठप्प. फोटोशॉपवाल्या ॲडोबीचं आता लॉगिनवर चालतं : दोन कॉम्प्युटरवर साइन-इन ठेवता येतं, पण एका वेळी एकावरच काम.

लिब्रेऑफिस या वर्ड-एक्सेलसारख्या मुक्त सॉफ्टवेअरला असला कुठलाच हिशोब नाही. चार काय, चाळीस मशीनवर टाका, धंद्यासाठी वापरा. पत्रं, कोटेशन, साधे तक्ते यांसाठी मी ते मनापासून सुचवतो. मॅक्रो असलेल्या एक्सेलच्या फाइली किंवा बँकेचे ठरावीक फॉर्म येत-जात असतील, तर निदान एका मशीनवर मूळ ऑफिस ठेवा. मराठी अक्षरांचंही तसंच. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या संस्थेने केलेला मुक्ता फॉन्ट मुक्त परवान्याखाली आहे, कितीही कॉम्प्युटरवर चालतो. नुसतं ‘फ्री’ लिहिलेलं बघून मात्र फसू नका. दुरून दुसरा कॉम्प्युटर चालवायचं एनीडेस्क फुकट आहे ते वैयक्तिक वापरासाठी.

लायसन्सची एकच की चार ठिकाणी टाकून चालवणाऱ्यांनी कॉपीराइट कायद्याचं कलम ६३बी वाचावं. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून वापरली, तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. रीतसर प्रतीचा बॅकअप ठेवायला तोच कायदा परवानगी देतो, पण बॅकअप म्हणजे दुसऱ्या टेबलावर चालवायची प्रत नव्हे.

परळच्या ऑफिसात तीन माणसं आणि चार कॉम्प्युटर आहेत. त्यांनी टॅली गोल्ड घेतलं, कारण दोघींना एकाच वेळी नोंदी कराव्या लागतात. ३६५ घेतलं फक्त डोंबिवलीहून येणाऱ्या मॅडमसाठी, त्यांचं अर्धं काम घरच्या लॅपटॉपवर होतं. उरलेल्या मशीनवर लिब्रेऑफिस. पण या सगळ्याच्या आधी एक काम केलं. जुनं लायसन्स विक्रेत्याच्या ईमेलवर नोंदवलेलं निघालं, म्हणजे मशीन बदलताना येणारा ओटीपी त्याच्याकडे जायचा. आता ऑफिसच्या नावाने एक ईमेल काढलाय आणि टॅली, ३६५, अँटिव्हायरस सगळं त्यावर आहे. कॉम्प्युटर फॉरमॅटला देण्याआधी मॅडम स्वतःच बसून लायसन्स सरेंडर करतात, म्हणजे त्या मशीनवरून सोडवून घेतात.