टीडीसी ७२००: काटेकोर, पण जवळच्या अंतराला निरुपयोगी

लेसरचा स्पंद सुटल्यापासून त्याचे परावर्तन परत येईपर्यंतचा काळ मोजणारी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ही चिप ५५ पिकोसेकंदांचे रिझोल्यूशन देते, म्हणजे प्रकाशाची जा-ये धरून सुमारे ८ मिलिमीटर. आपले कॅलिब्रेशन ती बाहेरच्या क्लॉकशी (ठरावीक ठेका देणाऱ्या संकेताशी) ताडून करते, त्यामुळे तापमान बदलले तरी आकडे फारसे भरकटत नाहीत. मात्र क्लॉकच डळमळीत असेल तर या काटेकोरपणाला अर्थ उरत नाही, आणि तो क्लॉक पुरवणारा स्वस्त ऑसिलेटर लावून चिपला बोल लावणे अन्यायाचे आहे.

खरी अडचण किमान काळाची आहे. १२ नॅनोसेकंदांहून कमी काळ ती मोजत नाही, म्हणून १.८ मीटरच्या आतली वस्तू तिच्या आवाक्याबाहेर राहते. तेवढ्यासाठी दोन चॅनेलची टीडीसी ७२०१ घेणे शहाणपणाचे. मायक्रोकंट्रोलरशी बोलण्याची एसपीआय जोडणी सरळ आहे.

पांढऱ्या आणि काळ्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या स्पंदांची उंची सारखी नसल्याने कम्पॅरेटर (स्पंदाने ठरावीक पातळी ओलांडताच इशारा देणारा भाग) एकच अंतर वेगवेगळ्या क्षणी नोंदवतो, आणि ही चूक काही सेंटिमीटरांपर्यंत जाऊ शकते. ती सुधारणे या चिपचे काम नव्हे. त्यासाठी तिच्याआधीच्या ॲनालॉग भागावरच खर्च करावा लागतो.